आजीच्या गाठोड्यातली चांदीची नाणी: देवघरात काय ठेवावे, संग्रहात काय

सेलूच्या एका ताईंचा प्रश्न आहे. आजी गेल्यावर देवघरातल्या लाल कापडात बांधलेली नाणी त्यांच्याकडे आली. चार राणीछाप रुपये, चारमिनारचे दोन रुपये, रामदरबाराचा एक जाड रुपया ज्यावर १७४० साल आहे, धनत्रयोदशीला घेतलेली लक्ष्मी-गणपतीची तीन नाणी, आणि प्लास्टिकच्या डबीतले संत ज्ञानेश्वरांचे शंभर रुपयांचे नाणे. रामाच्या रुपयाचा फोटो कोणीतरी पुढे पाठवला आणि आता एक माणूस फोनवर बारा लाख देतो म्हणतो, पण आधी नोंदणीचे पैसे मागतो. गल्लीतले सोनार म्हणतात, सगळे आटवा आणि कुलदैवताचे नवे टाक करून घ्या. ताईंना मात्र यातून पुढे देवादिकांची चांदीची नाणी जमवायची इच्छा आहे. खरे काय, खोटे काय, आणि सुरुवात कुठून करावी, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, नोंदणीचे पैसे पाठवू नका. बाकी सगळे सावकाश बोलू, पण हे आजच. जुन्या नाण्याला लाखो रुपये देतो म्हणणारा खरा गिऱ्हाईक कधीही तुमच्याकडून आधी पैसे मागत नाही. रिझर्व्ह बँकेचे नाव सांगून कमिशन, कर, शुल्क उकळणाऱ्यांबद्दल खुद्द रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता की आम्ही असल्या व्यवहारात नाही आणि कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही. वैष्णोदेवीच्या पाच आणि दहा रुपयांच्या नाण्यांना लाखो मिळतात ही अफवा याच जातीची. ती नाणी २०१२ ची आहेत, भरपूर पाडली गेली, आणि त्यांत चांदी अजिबात नाही.

मी नांदेडच्या सराफ्यात चांदीचे काम करतो. वडिलांच्या वेळेपासून लोक गाठोडी घेऊन येतात आणि आम्ही ती कापडावर पसरून वेगवेगळी करतो. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की झाली आहे. ज्या नाण्यावर देव ठसठशीत दिसतो ते बहुतेक वेळा नवे असते. आणि जे खरोखर जुने, बाजारात चाललेले, इतिहासातून आलेले नाणे असते त्यावर धर्म अक्षरांत, आकड्यांत, एखाद्या पानाच्या खुणेत बसलेला असतो. तो वाचावा लागतो. तुमच्या आजीच्या गाठोड्यात दोन्ही प्रकार आहेत.

रामाच्या रुपयापासून सुरू करू. यांना आम्ही रामटंका म्हणतो. एका बाजूला सिंहासनावर राम-सीता, शेजारी भाऊ, पायाशी मारुती. दुसऱ्या बाजूला बहुधा धनुष्य घेतलेले राम-लक्ष्मण. ही चलनी नाणी कधीच नव्हती. तीर्थाच्या ठिकाणी, रामनवमीला, लग्नात द्यायला, देव्हाऱ्यात ठेवायला सोनार आणि ठसे करणारे कारागीर ती करत आले. जुने रामटंके हाताने पाडलेले असतात, आकृत्या ओबडधोबड, नागरी अक्षरे अर्धवट तुटलेली, काठ वेडावाकडा. तुमच्याकडचा जाड, गोल, रेखीव चेहऱ्यांचा आणि त्यावर इंग्रजी आकड्यांत १७४० असेल तर तो विसाव्या शतकातला समजा, फार तर आजीच्या लग्नाच्या आसपासचा.

साल खोटे कशावरून? १७४० हे थोरल्या बाजीरावांच्या निधनाचे साल. त्या वेळी दिल्लीच्या गादीवर मुहम्मद शाह होता आणि रुपयावर त्याचे नाव फारसीत असे. मराठ्यांच्या अमलातल्या टांकसाळीसुद्धा मोगल बादशहाच्याच नावाने रुपये पाडत, कारण बाजारात तोच छाप चाले. रामाचे चित्र आणि इंग्रजी आकडे घेऊन १७४० मध्ये रुपया पाडणारी कोणतीही सत्ता नव्हती. हाच न्याय ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८, एक आणा’ असे लिहिलेल्या मारुतीच्या, ओमच्या, कमळाच्या नाण्यांना लावा. कंपनीने एक आण्याचे नाणे पाडलेच नाही. एक आण्याचे नाणे पहिल्यांदा १९०७ मध्ये, सातव्या एडवर्डच्या नावाने आले, तेही चांदीचे नाही. मारुतीचे ते नाणे तांदूळ ओढते म्हणून लोकांच्या जमिनी विकायला लावणाऱ्या टोळ्या आहेत. तांदूळ ओढणारे नाणे जगात नाही. कोणी तसे दाखवले तर तिथून उठून पोलीस ठाण्यात जा.

पण म्हणून आजीचा रामटंका कमी समजू नका. त्यांनी त्याला किती सकाळी हळद-कुंकू वाहिले असेल! तो देवासाठीच केलेला होता आणि देवापाशीच राहिला. चांदी असेल तर चांदीचे मोल आहेच. त्याची जागा देवघर आहे, आणि तुमच्या गाठोड्यातल्या ज्या गोष्टी पुन्हा देवघरात जाव्यात असे मी म्हणेन त्यांत तो पहिला.

आता चारमिनारचे रुपये. त्यांवर मला जास्त बोलायचे आहे, कारण मराठवाड्यात हे घरोघरी निघतात आणि सगळ्यांत जास्त हेच आटवले जातात. निजामाच्या राज्यातला हा हाली सिक्का. आपले आजोबा-पणजोबा सारा यातच भरत, बैलही यातच घेत. वजन साधारण ११.१८ ग्रॅम, त्यात चांदी ८१.८ टक्के, म्हणजे निव्वळ चांदी नऊ ग्रॅमच्या थोडी वर. १९५० मध्ये भारतीय रुपया इथे आला तेव्हा सात हाली म्हणजे सहा कळदार, अर्थात सहा भारतीय रुपये, असा भाव होता, वयस्कर माणसांना तो हिशेब अजून पाठ असतो. चारमिनारचे चित्र १९०३ च्या सुमारास आले. तुमचा रुपया उजेडात तिरपा धरा आणि मधल्या कमानीत पाहा. तिथे एक लहान उर्दू अक्षर आहे. ‘मीम’ असेल तर निजाम महबूब अली खान, ‘ऐन’ असेल तर पुढचा निजाम उस्मान अली खान, म्हणजे १९११ नंतरचा.

त्याच बाजूला एक आकडा शोधा: ९२, उर्दू अंकांत. पुष्कळ लोक तो साल समजतात. अरबी अक्षरांना ठरलेल्या किमती असतात, त्याला अबजद म्हणतात. मुहम्मद या नावातली अक्षरे मीम ४०, हे ८, मीम ४०, दाल ४. बेरीज ९२. पैगंबरांचे नाव असे आकड्यात घालून रुपयावर कोरलेले आहे. नाव सरळ न लिहिण्याची परंपरा आपल्या भागाशी जोडलेली आहे. अकबराच्या सुरुवातीच्या आणि शाहजहानच्या रुपयांवर कलमा, म्हणजे इस्लामच्या श्रद्धेचे वचन, असतो, काठाला किंवा चौकटीत चार खलिफांची नावे असतात. औरंगजेबाने गादीवर येताच नाण्यावरचा कलमा बंद केला. नाणे पायाखाली जाते, कोणाच्याही हातात जाते, पवित्र शब्दांची विटंबना नको, हे त्याचे कारण दिले जाते. त्याच्या रुपयावर मग कविता आली: शाह औरंगजेब आलमगीराने पूर्ण चंद्रासारखा सिक्का जगात पाडला. सोन्याच्या मोहरेवर चंद्राच्या जागी सूर्य. औरंगाबादच्या टांकसाळीचा आलमगिरी रुपया हातात आला तर त्यावर कलमा का नाही हे आता तुम्हाला सांगता येईल. पुढे याच शहराचे नाव नाण्यांवर ‘खुजिस्ता बुनियाद’ असे येऊ लागले.

त्याही आधी, दौलताबादला राजधानी आणणाऱ्या मुहम्मद तुघलकाने १३३० च्या सुमारास पितळ-तांब्याची नाणी चांदीच्या टंक्याच्या भावाने चालवायचा घाट घातला. लोकांनी ती घ्यावीत म्हणून त्यांवर लिहिले होते की जो सुलतानाची आज्ञा पाळतो तो परमेश्वराची पाळतो. श्रद्धेच्या शब्दांनी धातूची उणीव भरून निघाली नाही आणि ती नाणी मागे घ्यावी लागली. ती चांदीची नाहीत, पण धार्मिक मजकुराची नाणी जमवणाऱ्याने आपल्या दौलताबादचे हे नाणे माहीत करून घ्यायलाच हवे असे मला वाटते.

हिंदू खुणांची जुनी चांदी हवी असेल तर मी होळकरी रुपया सांगतो. अहिल्याबाईंच्या काळचा महेश्वरचा रुपया घ्या. त्यावर नाव शाह आलम बादशहाचे, फारसीत, आणि मधे शिवलिंग आणि बेलाचे पान. घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार त्यांनीच केला, परळीच्या वैजनाथाचाही. वेरूळला जाऊन आलेल्या माणसाच्या हातात हा रुपया दिला की तो पान शोधायला लागतो आणि सापडले की चेहरा उजळतो. तीनचार पिढ्यांपूर्वीच्या घरांतून हे रुपये अजून निघतात आणि फार दुर्मीळ नसल्यामुळे सामान्य माणसाला परवडतात. देवाचे चित्र मोठे आणि स्पष्ट हवे असेल, आणि तरी खरे चलनी नाणे हवे असेल, तर मद्रासचा १८०८ च्या सुमाराचा चांदीचा अर्धा पॅगोडा (पॅगोडा हे तिकडचे जुने चलन) पाहा. एका बाजूला चांदण्यांनी वेढलेले गोपूर, दुसऱ्या बाजूला विष्णू. तो मात्र खरोखरच कंपनीने पाडला होता, म्हणून कंपनीने हिंदू देव कधीच काढले नाहीत असेही कोणाला सांगू नका. तो महाग आहे आणि त्याच्या नकला आहेत.

नांदेडचा म्हणून मला नानकशाही रुपयाबद्दल वेगळी माया आहे. गुरू गोविंदसिंगजी १७०८ मध्ये इथे गोदाकाठी ज्योतीज्योत समावले, म्हणजे त्यांनी देह ठेवला. बंदासिंग बहादूर इथूनच पंजाबला निघाले, आणि पुढे शीख सत्तेच्या रुपयांवर जो फारसी शेर आला त्यात देग (लंगरची कढई), तेग (तलवार), फतेह (विजय) आणि नुसरत (साहाय्य) हे सारे नानक-गुरू गोविंदसिंगांकडून मिळाले असे म्हटले आहे. राजाचे नाव नाही, गुरूंचे आहे. महाराजा रणजितसिंगांच्या काळातही लाहोर-अमृतसरच्या रुपयांवर गुरूंचेच नाव राहिले, एक पान ही त्यांची खूण. इथल्या सचखंड गुरुद्वाऱ्याची आजची इमारत त्यांनीच १८३२ ते १८३७ दरम्यान उभारली. गुरू नानकदेव आणि त्यांचे सोबती बाला व मर्दाना यांच्या चित्रांचे, ‘संवत १८०४’ असे लिहिलेले जे गोल तुकडे गुरुद्वाऱ्याच्या आसपास मिळतात ते मात्र रामटंक्याच्याच जातीचे, भक्तीसाठी केलेले.

अकबराचे ‘राम सीय’ लिहिलेले नाणे कोणी दाखवले तर हात जोडा. अकबराच्या इलाही सनाच्या ५० व्या वर्षाचे, म्हणजे १६०४-०५ चे ते नाणे जगात बोटांवर मोजण्याइतके आहे, आणि ते संग्रहालयांत आहे. जहांगीराचे राशींचे रुपयेही फार दुर्मीळ. बाजारात जे फिरते ते जवळपास सगळे नकली.

राणीछापवर धर्म नाही, पण चांदी चांगली आहे. व्हिक्टोरियाचा रुपया एक तोळा, ११.६६ ग्रॅम, त्यात चांदी ९१.७ टक्के. म्हणजे निव्वळ १०.६९ ग्रॅम. हे प्रमाण पुढच्या राजांच्या रुपयांतही १९३९ पर्यंत टिकले, मग युद्धात चांदी निम्म्यावर आली, १९४६ नंतर निकेल. राजाछापमधला १९११ चा रुपया मात्र वेगळा काढून ठेवा. पाचव्या जॉर्जच्या अंगरख्यावरच्या हारात हत्ती कोरलेला आहे, पण सोंड आखूड दिसल्याने तो डुकरासारखा वाटला आणि मुसलमान प्रजेत संताप झाला. सरकारला तो परत घेऊन आटवावा लागला आणि पुढच्या वर्षी हत्ती नीट कोरावा लागला. हारातल्या नखाएवढ्या जनावराने टांकसाळ हलवली. तुमच्या चारांत तो नसणार, कारण ते राणीचे आहेत, पण पुढे शोधताना लक्षात असू द्या.

राणीछापला कडी लावलेली आहे का ते सांगितले नाहीत. आपल्याकडे तांड्यांवरच्या जुन्या पेहरावात, माळांत रुपये ओवत आणि त्यासाठी डाख देऊन (धातूने सांधून) कडी बसवत. कडी काढली तरी डाखाचा वण राहतो. असा रुपया संग्राहक कमी भावाने घेतो. माझे मत विचाराल तर कडी काढू नका, तो त्या बाईच्या गळ्यातला इतिहास आहे, तसाच ठेवा.

आता तुमच्या ज्ञानेश्वरांच्या नाण्याकडे. ते १९९९ चे, भारत सरकारचे. सोबत एक रुपयाचेही निघाले होते, ते चलनात फिरले आणि अजून सुट्ट्या पैशांत सापडते. शंभराचे मात्र वापरासाठी नसते, टांकसाळ आगाऊ नोंदणी घेऊन संग्राहकांना देते. ३५ ग्रॅम, निम्मी चांदी, ४० टक्के तांबे, बाकी निकेल आणि जस्त. ज्ञानोबांचे मूळ गाव आपेगाव आपल्या पैठणजवळच. तुमच्या भागात बसून तुम्हाला एक दिशा ठरवायची असेल तर ही दिशा मला फार आवडते: भारत सरकारची संत, गुरू आणि तीर्थे यांची नाणी. तुकोबांचे २००२ चे आहे. महावीरांच्या २६०० व्या जन्मकल्याणकाचे २००१ चे. गुरुता गद्दीच्या, म्हणजे गुरू ग्रंथसाहिबाला गुरुपद दिल्याच्या, तीनशे वर्षांचे २००८ चे, जो सोहळा नांदेडला झाला. तंजावरच्या बृहदीश्वराला हजार वर्षे झाल्याचे २०१० चे हजार रुपयांचे. पुरीच्या नवकलेवराचे, म्हणजे जगन्नाथाच्या मूर्ती नव्याने घडवण्याच्या सोहळ्याचे, २०१५ चे हजाराचे. गुरू गोविंदसिंगजींच्या ३५० व्या प्रकाशपर्वाचे (जयंतीचे) साडेतीनशे रुपयांचे आणि गुरू नानकांच्या ५५० व्या प्रकाशपर्वाचे साडेपाचशेचे, दोन्ही २०१९ मध्ये आलेली. अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दीचे तीनशे रुपयांचे २०२५ मध्ये आले. यांत खऱ्या-खोट्याचा घोळ कमी, कागद सोबत, आणि प्रत्येकाला निमित्त आहे.

घेताना ‘प्रूफ’ आणि ‘अनसर्क्युलेटेड’ असे दोन प्रकार दिसतील. प्रूफ म्हणजे आरशासारखी जमीन आणि त्यावर दुधाळ आकृती, किंमत जास्त. मूळ डबी, पुस्तिका आणि आवेष्टन यांसकट असेल तरच पूर्ण किंमत मिळते. म्हणून ज्ञानेश्वरांचे नाणे डबीतून काढून अभिषेकाला बसवू नका, हे कळकळीने सांगतो. प्रूफला बोट लागले तर ठसा कायमचा उमटतो.

यांत आणि टांकसाळीच्या ‘स्मरणिकां’त फरक करा. २०२४ मध्ये अयोध्येच्या रामलल्लाचे रंगीत नाणे आले, ५० ग्रॅम, ९९९ शुद्धतेचे. ते सरकारी कारखान्याचेच, चांदी उत्तम, पण त्यावर दर्शनी किंमत नाही, म्हणून ते नाणे नसून पदक आहे. नियू, तुवालू अशा बेटांच्या नावाने निघणारी गणपती-लक्ष्मीची नाणीही मिळतात. दिसायला सुंदर असतात, पण तिकडच्या बाजारात कोणी त्यांनी भाजी घेत नाही. आवडली तर घ्या, गुंतवणूक म्हणून नको.

धनत्रयोदशीच्या लक्ष्मी-गणपतीच्या नाण्यांबद्दल एवढेच: ती चांदी आहे, नाणेशास्त्र नाही. पाकिटावर ९९९ किंवा ९९० आणि वजन असेल तर ठीक. सप्टेंबर २०२५ पासून चांदीलाही एचयूआयडीचे, म्हणजे सहा अंक-अक्षरांच्या ओळखक्रमांकाचे, हॉलमार्किंग (शुद्धतेचा छाप) सुरू झाले आहे. ते ऐच्छिक आहे, पण नवे घेताना मागून घ्या, बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) मोबाइल अ‍ॅपवर क्रमांक टाकून पाहता येतो. दुकानात विचारायचे ते हे: आजचा भाव किती, मजुरी किती, आणि मी परत आणले तर काय कापणार. मजुरी आणि तीन टक्के जीएसटी परत मिळत नाही. दहा ग्रॅमचे नाणे घेण्यापेक्षा पन्नासचे एक घेतले तर मजुरी कमी पडते.

तपासायचे कसे? सराफ्यात आम्ही टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, काढतो. पूर्वी कसोटीवर घासून आम्ल लावत, आता बहुतेक पेढ्यांवर मशीन आहे. त्यात नाण्याला ओरखडा येत नाही, मिनिटात आकडा येतो. मात्र मशीन वरचा थर पाहते. जाड मुलामा असेल तर फसू शकते. म्हणून घरी पाण्याची परीक्षा करा. दोन दशांशांचा लहान काटा हवा. पेल्यात पाणी घेऊन काट्यावर ठेवा, शून्य करा, नाणे दोऱ्याने बांधून पाण्यात सोडा, तळाला आणि कडेला लागू देऊ नका. जो आकडा येईल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. निव्वळ चांदीला १०.५ च्या जवळ येते. चांगल्या राणीछापला आकडा १.१३ च्या आसपास येईल, भागाकार १०.३. जर्मन सिल्व्हरमध्ये नावाखेरीज चांदी काहीच नाही, तांबे-निकेल-जस्त असते, तिथे भागाकार पावणेनऊच्या खालीच अडतो. आजीच्या रामटंक्याला हीच परीक्षा आधी लावा. चुंबकाला चिकटले तर पुढे काही करायची गरजच नाही, पण न चिकटणे हा चांदीचा पुरावा नव्हे, पितळही चिकटत नाही.

चांदी खरी म्हणजे नाणे खरे असे मात्र समजू नका. हल्ली नकलाही चांदीच्याच करतात. भिंगातून पाहा. पाडलेल्या नाण्याची अक्षरे कडक उठतात. ओतलेल्याची साबण झिजल्यासारखी गोल, मोकळ्या पृष्ठभागात टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोके, काठावर जोडाची रेघ. राणीछापच्या काठाचे दाते सारख्या अंतरावर असावेत. वजन अर्ध्या ग्रॅमहून जास्त कमी असेल तर झिजलेले दिसायलाही हवे. नवीकोरी अक्षरे आणि हलके वजन हे एकत्र येत नाही.

धुण्याबद्दल आमच्या आयाबहिणींशी माझा जुना वाद आहे. दसरा-दिवाळीला चिंच, राख, टूथपेस्ट लावून नाणी चकचकीत करायची पद्धत आहे. रामटंका आणि लक्ष्मीचे नाणे खुशाल घासा, ती पूजेची भांडीच आहेत. चारमिनार आणि राणीछाप घासू नका. चांदी हवेतल्या गंधकामुळे काळवंडते, तो थर पातळ असतो आणि खालचे बारीक काम सांभाळतो. घासले की काळेपणाबरोबर केसाच्या रेषाही गेल्या, आणि संग्राहकाच्या डोळ्याला ते लगेच दिसते. फार चिकट असेल तर कोमट पाणी आणि साधा साबण, मऊ सुती कापडाने टिपून घेणे, बस्स. अभिषेकाचे दही-लिंबू आणि कुंकू यांचेही डाग बसतात. पूजेला बसवायचेच असेल तर ताम्हनात रामटंका ठेवा, बाकीची डबीत ठेवून समोर मांडा आणि अक्षता वाहा. देवाला नाणे ओले झाले नाही म्हणून राग येत नाही.

ठेवताना रबरबँड, वर्तमानपत्र, लोकर टाळा, त्यांनी चांदी काळी पडते. स्वस्त मऊ प्लास्टिकच्या पाकिटांतून काही वर्षांनी हिरवट चिकट द्रव सुटतो. कडक पारदर्शक कॅप्सूल किंवा आम्लमुक्त कागदाची पाकिटे घ्या आणि पाकिटावर आजीचे नाव, गाव, कधी मिळाले ते पेन्सिलीने लिहा. ही नोंद नातवंडांना लाख मोलाची वाटेल. आजीचे लाल कापडही जपून ठेवा.

कायद्याचे दोन शब्द. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते. घरात ठेवायला अडचण नाही, पण परवानगीशिवाय परदेशात पाठवता येत नाही आणि विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो. परदेशातल्या भाच्याला भेट म्हणून राणीछाप पाठवू नका. आणि तेर, पैठण, भोकरदनकडे पावसाळ्यानंतर शेतात सापडलेली म्हणून कोणी सातवाहनांची नाणी विकायला आणली तर घेऊ नका. जमिनीत सापडलेले धन कलेक्टरला कळवावे लागते, हा १८७८ पासूनचा कायदा आहे. ती नाणी जिथे सापडली त्या जागेपासून तुटली की अभ्यासाला निम्मी निकामी होतात. पाहायची असतील तर तेरचे लामतुरे संग्रहालय आहे, पैठणचे आहे. शिकायचे असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आहे, तिथले दालन एकदा पाहून या, नंतर पैसे खर्च करा.

राहता राहिले टाक. नवे टाक करणे चांगलेच आहे, घर वेगळे झाले की करतातच. पण त्यासाठी चारमिनार आटवू देऊ नका, राणीछापही नको. टाकावर देवीची किंवा खंडोबाची मूर्ती ठोकून उठवायची असते, त्याला मऊ, जवळपास निव्वळ चांदीचा पातळ पत्रा लागतो आणि लहान टाकाला तो फार थोडा लागतो. जुन्या रुपयांत तांबे आहे, ते आधी गाळून काढावे लागते, त्यात घट येते आणि ती तुमच्याच माथी. सोनारदादांना सांगा की पत्रा आम्ही विकत घेऊ. घरचीच चांदी घालायचा आग्रह असेल तर लक्ष्मी-गणपतीच्या तीनपैकी ज्याचे पाकीट फाटले असेल ते द्या, ९९० किंवा ९९९ ची शुद्धता टाकाच्या कामाला अगदी योग्य आहे.